पॉलिमर ब्लेंडची आतली बांधणी: ओळखायची कशी, घडवायची कशी

माझ्या टेबलाच्या खणात दोन पट्ट्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. दोन्ही एकाच गोणीतल्या दाण्यांच्या, एकाच साच्यातून, एकाच दिवशी निघालेल्या. वजनाने 70 भाग नायलॉन 6 आणि 30 भाग पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे दोन पॉलिमर (लांब साखळीचे रेणू असलेली प्लास्टिकं) वितळवून एकत्र केलेला ब्लेंड. पहिली पट्टी टेन्साइल मशीनवर ओढली तेव्हा पांढरी पडत थोडी लांबली आणि मग तुटली. दुसरी मात्र ताण चढतो न चढतो तोच कट्‌कन गेली. तुटलेल्या टोकाला नख लावलं तर पापुद्रा सुटून आला.

मी तेव्हा कम्पाउंडिंगच्या, म्हणजे प्लास्टिकं वितळवून मिसळण्याच्या, प्रयोगशाळेत नवीन होते. रेसिपी एक म्हणजे माल एक, असंच धरून चालले होते. दोन दिवस मी वजनकाटा तपासला, मग दाणे पुन्हा तपासले, मग टेन्साइल मशीनवर संशय घेतला. फरक या कशातच नव्हता. तो पट्टीच्या आत होता, आणि तो कुठून आला हे समजायला मला बराच काळ लागला. तो काळ तुमचा वाचावा म्हणून हे लिहिते आहे. उदाहरण शेवटपर्यंत याच 70:30 चं घेते, म्हणजे आकडे हातात राहतील.

एकजीव आहे का, ते आधी ठरवा

दोन पॉलिमर वितळवून घुसळले की ते एकमेकांत विरघळतील ही अपेक्षा आधी सोडा. बहुतेक जोड्या विरघळत नाहीत. फ्लोरी आणि हगिन्स यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला याचं गणित मांडलं. लहान रेणूंचे दोन द्रव एकत्र आले की रेणूंना एकमेकांत मिसळून बसण्याच्या असंख्य जागा मिळतात. हजारो कड्या एकमेकींना बांधलेल्या साखळीला तेवढी मोकळीक नसते. साखळी जितकी लांब, तितका मिसळण्याचा फायदा कमी. मग दोन जातींच्या कड्यांमध्ये जराशी जरी नावड असली तरी ती पुरते आणि दोघं वेगळे होतात.

अपवाद आहेत. पॉलिफेनिलीन ऑक्साइड आणि पॉलिस्टायरीन कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात. पहिल्याचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे काचेसारखा कडक माल मऊ पडू लागतो ते तापमान, 210 अंश सेल्सिअसच्या आसपास, दुसऱ्याचं 100 च्या आसपास. त्यांचा ब्लेंड डीएससीत (नमुना तापवत त्यात शिरणारी उष्णता मोजणारं यंत्र) घातला तर मधे कुठेतरी एकच पायरी दिसते. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस (रबर मिसळलेलं एक चिवट प्लास्टिक) यांच्या ब्लेंडमध्ये तीच चाचणी दोन पायऱ्या दाखवते, एक 105 च्या जवळ आणि एक 150 च्या थोडी खाली. तुमच्या ब्लेंडची ही चाचणी एकदा करून ठेवा. दोन्ही पॉलिमरांची ग्लास ट्रान्झिशन मुळातच जवळजवळ असतील तर मात्र या चाचणीवर विसंबू नका, कारण दोन पायऱ्या एकमेकींत मिसळून एकच दिसते.

वेगळं राहणं हा दोष नाही. पॉलिकार्बोनेट-एबीएस आज इतक्या ठिकाणी वापरला जातो तो दोन अवस्थांचाच आहे. वेगळे राहिलेले दोघं आत कशा पद्धतीने बसले आहेत, ते ओळखायचं आणि घडवायचं काम आपल्याला करायचं आहे.

कोण कोणात आहे?

माझ्याकडे कुणी ब्लेंडची तक्रार घेऊन आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते. एक पॉलिमर सलग पसरलेलं असतं, त्याला आपण मॅट्रिक्स म्हणतो. दुसरं त्यात थेंब, दोरे किंवा पत्रे होऊन बसलेलं असतं. तिसरी शक्यता म्हणजे दोन्ही सलग, एकमेकांत गुंतलेल्या दोन जाळ्यांसारखे. ओलावा किती शोषला जाईल, गरम झाल्यावर आकार टिकेल का, कुठलं रसायन आत शिरेल, हे सगळं मॅट्रिक्स ठरवतं. नायलॉन मॅट्रिक्स असेल तर माल 165 अंशांच्या पुढेही काही काळ उभा राहतो. पॉलिप्रॉपिलीन मॅट्रिक्स असेल तर तो तिथेच बसतो, मग आत नायलॉन कितीही असो.

जे जास्त, ते मॅट्रिक्स, असं नवशिके धरतात. मीही धरलं होतं. त्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक वजनाची. बांधणीला वजन कळत नाही, तिला आकारमान कळतं. नायलॉन 6 ची घनता 1.13 आणि पॉलिप्रॉपिलीनची 0.905. आमचं 70:30 या घनतांनी भागून पाहा: 62 आणि 33. म्हणजे आकारमानाने 65:35. वितळल्यावर दोघांचीही घनता कमी होते, पण हे गुणोत्तर फारसं हलत नाही. कागदावरचे 30 टक्के मशीनमध्ये 35 टक्के झालेले असतात.

दुसरी चूक दाटपणाची. व्हिस्कॉसिटीला मी इथे दाटपणा म्हणते. दोघांपैकी जे पातळ, ते बाहेर पसरून दुसऱ्याला वेढू पाहतं. त्यासाठी एक साधं सूत्र आहे: दोघांच्या आकारमानांचं गुणोत्तर त्यांच्या दाटपणाच्या गुणोत्तराएवढं झालं की मॅट्रिक्सची अदलाबदल होण्याची जागा आली. आम्ही वापरलेल्या ग्रेडमध्ये पॉलिप्रॉपिलीनचा दाटपणा नायलॉनच्या साधारण निम्मा होता. मग अदलाबदलीची जागा येते आकारमानाने 33 टक्के पॉलिप्रॉपिलीनवर. आणि आमच्यात होतं 35! नायलॉनचं मॅट्रिक्स आहे असं समजून मी ज्या मालाची चाचणी करत होते, तो माल नेमका उंबरठ्यावर उभा होता. मशीनचं तापमान थोडं हललं, स्क्रूचा वेग थोडा बदलला, तरी तो इकडचा तिकडे होणार.

हे सूत्र दिशा दाखवतं, आकडा दशांशापर्यंत देत नाही. मेल्टची, म्हणजे वितळलेल्या मालाची, लवचिकता आणि दोन पॉलिमरांच्या सीमेवरचा ताण ती जागा पुढेमागे सरकवतात. पण 10 मिनिटांत कागदावर होणारा हा हिशेब मला महिनाभराच्या त्रासातून वाचवू शकला असता, म्हणून मी तो रेसिपी ठरवतानाच करायला लावते. उंबरठ्याच्या जवळ असाल आणि तिथे राहायचं नसेल, तर दाट ग्रेडचं पॉलिप्रॉपिलीन घ्या. दोघांचा दाटपणा सारखा झाला की उंबरठा 50 टक्क्यांवर सरकतो आणि 35 वर तुम्ही निर्धास्त असता.

दाटपणा कुठला धरायचा, हे मात्र काळजीपूर्वक पाहा. माहितीपत्रकातल्या एमएफआयवरून (ठरावीक वजनाखाली 10 मिनिटांत किती माल वाहून येतो तो आकडा; जितका जास्त तितका माल पातळ) ठरवू नका. पॉलिथिलीनचा एमएफआय 190 अंशांना मोजलेला असतो, पॉलिप्रॉपिलीनचा 230 ला, तेव्हा त्यांची तुलनाच होत नाही. शिवाय 10 च्या आसपास एमएफआय असलेल्या मालाला त्या चाचणीत शिअर रेट (मेल्टचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात तो दर) मिळतो तो जेमतेम 20-25 प्रति सेकंद. ट्विन स्क्रूमध्ये, म्हणजे दोन स्क्रूंच्या मिसळण्याच्या यंत्रात, तो शेकड्यांत असतो आणि मोल्डिंगच्या गेटमध्ये, म्हणजे साच्यात माल शिरतो त्या अरुंद तोंडात, हजारांत. शिअर वाढला की पॉलिप्रॉपिलीन नायलॉनपेक्षा जास्त झपाट्याने पातळ होतं. म्हणून कॅपिलरी ऱ्हिओमीटरवर (बारीक नळीतून मेल्ट ढकलून दाटपणा मोजणारं यंत्र), तुम्ही ज्या तापमानाला मशीन चालवणार त्याच तापमानाला, 100 ते 1000 प्रति सेकंद या टप्प्यात दोन्हींचे आलेख काढा. एका दुपारचं काम आहे, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया आहे.

मॅट्रिक्स ओळखायची सगळ्यात विश्वासाची चाचणी मात्र द्रावकाची. दाण्याचा किंवा पट्टीचा तुकडा वजन करून तीव्र फॉर्मिक आम्लात ठेवा. ते नायलॉन विरघळवतं, पॉलिप्रॉपिलीनला हात लावत नाही. हे काम फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालूनच करायचं. हे आम्ल कातडी जाळतं आणि त्याची वाफही घातक आहे. दुसऱ्या दिवशी पाहा. तुकडा मोडून त्याची पूड पसरली असेल तर नायलॉन मॅट्रिक्स होतं. तुकडा अखंड आणि वजन फारसं घटलेलं नसेल तर पॉलिप्रॉपिलीन मॅट्रिक्स. तुकडा अखंड, पण 1 ग्रॅममधला जवळजवळ सगळा 0.7 ग्रॅम नायलॉन निघून गेलेला असेल, तर दोन्ही सलग होते. पॉलिस्टायरीन आणि पॉलिथिलीनच्या ब्लेंडला हीच चाचणी साध्या तापमानाच्या टोल्युइनने करता येते, कारण त्यात फक्त पॉलिस्टायरीन विरघळतं. कम्पॅटिबिलायझर (दोन पॉलिमरांना सीमेवर जोडून ठेवणारा घटक) घातलेल्या मालात काही नायलॉन पॉलिप्रॉपिलीनला रासायनिकरीत्या बांधलेलं असतं, ते धुऊन जात नाही. तिथे आकडा वाचताना तेवढी सूट द्या.

थेंब किती बारीक, आणि बारीक राहणार का?

1934 मध्ये जी. आय. टेलर यांनी चार फिरत्या रुळांच्या मधल्या द्रवात थेंब ठेवून तो कसा ताणला जातो आणि कधी फुटतो हे पाहिलं. आमच्या बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रू ज्या गरम नळीत फिरतो तिच्यात, आजही तेच चालतं. प्रवाह थेंबाला ओढत असतो आणि सीमेवरचा ताण त्याला गोल ठेवत असतो. मॅट्रिक्सचा दाटपणा, शिअर रेट आणि थेंबाची त्रिज्या यांचा गुणाकार करून त्याला सीमेवरच्या ताणाने भागलं की येतो तो कॅपिलरी अंक. दोन्हींचा दाटपणा सारखा असेल तर तो 0.5 च्या आसपास गेला की थेंब फुटतो.

आकडे घालून बघा. मॅट्रिक्स 200 पास्कल-सेकंद, शिअर रेट 100 प्रति सेकंद, सीमेवरचा ताण 10 मिलिन्यूटन प्रति मीटर धरला तर त्रिज्या येते 0.25 मायक्रॉन, म्हणजे व्यास अर्धा मायक्रॉन. प्रत्यक्षात थेंब याहून मोठेच सापडतात, त्याचं कारण पुढे येतं. पण कुठला नट फिरवला की काय होईल हे या हिशेबातून लगेच दिसतं.

थेंबाचा दाटपणा मॅट्रिक्सच्या साधारण 4 पटींच्या वर गेला तर साध्या शिअरमध्ये थेंब फुटतच नाही. तो नुसता जागच्या जागी गरगरत राहतो. ग्रेस यांच्या 1982 च्या आलेखात ही रेघ भिंतीसारखी उभी दिसते. आमच्याकडे एक ऑपरेटर काका होते, यंत्राचा आवाज ऐकून दाब सांगणारे. अशा दाट रबराच्या मालावर मी स्क्रूचा वेग वाढवत नेला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, वेग वाढवून काही होणार नाही. माल नुसता तापतोय." अगदी खरं होतं. मेल्ट तापला, मॅट्रिक्स आणखी पातळ झालं, आणि थेंबांवरची ओढ उलट कमी झाली. अशा मालाला ताणणारा प्रवाह लागतो, म्हणजे निमुळत्या जागेतून मेल्ट पिळून काढणारे नीडिंग ब्लॉक. ते जमत नसेल तर थेंबाच्या पॉलिमरचा पातळ ग्रेड घ्या. मी तर आधी ग्रेडच बदलते, स्क्रूला हात नंतर लावते.

फुटण्याचं बहुतेक काम कुठे होतं, तर दाणे वितळतात त्याच पट्ट्यात, पहिल्या मिनिटभरात. मऊ झालेल्या दाण्यावरून पत्रे ओढले जातात, पत्र्यांना भोकं पडतात, भोकं वाढून जाळी होते, जाळीचे दोरे तुटून थेंब होतात. पुढची लांबलचक बॅरल त्या मानाने थोडीच भर घालते. म्हणून थेंब जाड येत असतील तर बॅरलचे शेवटचे झोन (वेगवेगळे तापवलेले भाग) न्याहाळत बसू नका, वितळण्याचा भाग बघा.

आमच्या जोडीत यातही एक वळण आहे. पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन 6 साधारण 220 ला. त्यामुळे सुरुवातीला 30 टक्के असूनही पॉलिप्रॉपिलीनच मॅट्रिक्स असतं आणि नायलॉनचे कडक दाणे त्यात तरंगत असतात. नायलॉन वितळलं की आतबाहेर उलटतं. बॅच मिक्सरवर हे उलटणं टॉर्कच्या, म्हणजे फिरवायला लागणाऱ्या जोराच्या, आलेखात उंचवटा होऊन दिसतं. पहिल्या झोनांचं तापमान कमी ठेवलं असेल तर हे उलटणं लांबतं, आणि कधी अर्धवट राहतं. खात्री करायची असेल तर चालतं यंत्र थांबवा, बॅरल झटपट थंड करा, स्क्रू बाहेर ओढा आणि प्रत्येक झोनवरचा थर सोलून तपासा. घाण आणि कष्टाचं काम आहे. पण मी ब्लेंडबद्दल जेवढं शिकले त्यातलं अर्धं त्या सोललेल्या थरांतून शिकले.

आता थेंब हिशेबापेक्षा मोठे का सापडतात ते. फुटलेले थेंब एकमेकांवर आदळून परत जुळतात. हे जुळणं किती आहे हे मोजायची सोपी रीत अशी: त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला एकदा 1 टक्का पॉलिप्रॉपिलीन चालवा आणि एकदा 20 टक्के. 1 टक्क्यात थेंब एकमेकांना भेटतच नाहीत. दोन्हींच्या व्यासातला फरक म्हणजे जुळण्याचा हिस्सा. दुसरी रीत अजून उपयोगी. दाणे 240 अंशांच्या प्रेसमध्ये 15 मिनिटं नुसते वितळलेले ठेवा, पाण्यात टाकून थिजवा आणि आधीच्या दाण्यांशी तुलना करा. थेंब दुप्पट-तिप्पट झाले असतील तर हा माल मोल्डिंगवाल्याच्या बॅरलमध्ये टिकणार नाही, हे तुम्हाला त्याच्याआधी कळलेलं असेल. माझ्या दृष्टीने ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची चाचणी आहे.

कम्पॅटिबिलायझर हे जुळणं थांबवतो. तो सीमेवरचा ताण कमी करतो हे खरं, पण त्याचं मोठं काम थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवणं आणि सीमेवर टाका घालणं. आमच्या जोडीला मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन चालतं. त्यातला अॅनहायड्राइड नायलॉन साखळीच्या अमाइन टोकाशी अभिक्रिया करतो आणि सीमेवरच दोन्ही जातींची मिळून एक साखळी तयार होते. मी 2 ते 5 टक्क्यांपासून सुरुवात करते. नायलॉन ओलं असेल तर हा पैसाही वाया आणि कामही, कारण पाणी अॅनहायड्राइड खातं आणि वर नायलॉनची साखळीही तोडतं. 80 अंशांना वाळवा, ओलावा 0.2 टक्क्यांच्या खाली आणा, आणि तो मोजून खात्री करा. "रात्रभर ड्रायरला होतं" हे उत्तर मी स्वीकारत नाही.

प्रवाह काय सांगतो

ब्लेंडचा दाटपणा दोघांच्या मधे कुठेतरी येईल असं वाटतं. पुष्कळदा तो सरासरीच्या खाली येतो, कधी तर दोघांपेक्षाही पातळ. कारण न जुळलेल्या सीमेवर साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या नसतात आणि थर एकमेकांवरून घसरतात. कम्पॅटिबिलायझर घातला की हे घसरणं थांबतं आणि मेल्ट दाट होतो.

यावरून माझा एकदा मोठा वाद झाला होता. कम्पॅटिबिलायझर घातलेल्या पहिल्या चांगल्या लॉटचा एमएफआय आधीपेक्षा बराच खाली आला, म्हणून तपासणीत तो लॉट नापास झाला. जुना, पापुद्रे सुटणारा लॉट मात्र एमएफआय मर्यादेत बसतो म्हणून पास होत होता. मी दोन्हींच्या पट्ट्या वाकवून समोर ठेवल्या. जुनीचा थर सुटला, नवी नुसती वाकली. त्यानंतर मर्यादा बदलल्या. ब्लेंडच्या बाबतीत एमएफआय वाढला तर आनंद मानण्याआधी सीमा तुटलेल्या नाहीत ना ते पाहा, आणि घटला तर आधी टाके पडलेत का ते पाहा. अर्थात नायलॉनची साखळी तुटल्यानेही एमएफआय वाढतो, म्हणून ओलाव्याची नोंद शेजारी हवीच.

डायमधून, म्हणजे यंत्राच्या शेवटच्या भोकातून, निघणारी स्ट्रँड (मेल्टची दोरी) फुगते, तिच्याकडेही लक्ष द्या. डायमध्ये लांबट झालेले थेंब बाहेर येताच परत गोल होऊ पाहतात आणि स्ट्रँडला आखडून जाड करतात. नेहमीपेक्षा फुगवटा वाढला असेल तर आत थेंबांची परिस्थिती बदललेली असू शकते. ऑसिलेटरी ऱ्हिओमीटर (मेल्टला मागेपुढे हलवून मोजणारं यंत्र) असेल तर हीच गोष्ट कमी फ्रिक्वेन्सीला स्टोरेज मॉड्युलसच्या (मेल्टच्या लवचिकपणाच्या मापाच्या) आलेखात खांदा होऊन दिसते. पालिएर्न यांच्या 1990 च्या मॉडेलने त्या खांद्यावरून थेंबाच्या व्यासाचा अंदाजही काढता येतो. सूक्ष्मदर्शक रोज मिळत नसेल तर हा चांगला पर्याय आहे.

प्रवाह बांधणी बदलतो, हे मोल्डिंगमध्ये सगळ्यात ठळक दिसतं. साच्याच्या भिंतीलगत मेल्ट ताणलेला असतानाच थिजतो, म्हणून कातडीत, म्हणजे मालाच्या बाहेरच्या थरात, थेंब पात्यांसारखे लांब असतात. गाभा सावकाश थंड होतो, तिथे ते पुन्हा गोल होतात आणि जुळून मोठेही होतात. एकाच पट्टीत दोन ब्लेंड असल्यासारखं आहे हे. गेटजवळ पात्याने चौकटी ओरखडा, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. पापुद्रा आला तर सीमा कच्ची आहे. जिथे दोन प्रवाह समोरासमोर भेटतात ती वेल्ड लाइन तर ब्लेंडची सगळ्यात दुबळी जागा, कारण तिथे पाती प्रवाहाला आडवी, जोडाच्या रेषेत झोपतात. दोन्ही टोकांना गेट असलेली चाचणी-पट्टी ओढून ती ताकद वेगळी मोजा. एका गेटच्या पट्टीवरचा आकडा तिच्याबद्दल काहीच सांगत नाही.

ताकद मोजताना

मॉड्युलस, म्हणजे माल किती ताठ आहे तो आकडा, मोजून ब्लेंड पारखू नका. तो प्रमाणावर आणि मॅट्रिक्सवर ठरतो, थेंब 1 मायक्रॉनचा आहे की 10 चा याने त्याला फारसा फरक पडत नाही. माझ्या त्या दोन पट्ट्यांचा मॉड्युलसही जवळजवळ सारखाच होता, म्हणूनच मी इतकी गोंधळले. बांधणी खरी दिसते ती तुटेपर्यंतच्या लांबणीत आणि खाच पाडलेल्या पट्टीच्या इम्पॅक्ट, म्हणजे धक्क्याच्या, चाचणीत. त्यातही सरासरीपेक्षा विखुरणं बघा. 10 पट्ट्यांतल्या तिघी निम्म्यातच तुटत असतील तर आत कुठेतरी मोठे थेंब आहेत.

इम्पॅक्टसाठी थेंब रबराचे असतील तर आकाराचा हिशेब वेगळा होतो. हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनमध्ये रबराचे कण 1 ते काही मायक्रॉनचे चालतात, कारण तिथे कणाभोवती बारीक भेगांचे पट्टे तयार होऊन धक्का जिरतो. नायलॉन मुख्यतः शिअरने वाकतं आणि त्याला बारीक कण लागतात. सूहेंग वू यांनी 1985 मध्ये दाखवलं की रबर घातलेल्या नायलॉन 66 मध्ये शेजारच्या कणांमधली नायलॉनची भिंत साधारण 0.3 मायक्रॉनपेक्षा पातळ झाली की माल ठिसूळचा चिवट होतो. कण ठरावीक अंतरावर मांडले आहेत असं धरलं तर 20 टक्के रबराला ही भिंत कणाच्या व्यासाच्या 0.38 पट येते, म्हणजे कण 0.8 मायक्रॉनपर्यंत चालतील. रबर 10 टक्के केलं तर भिंत 0.74 पट होते आणि कण 0.4 मायक्रॉनचे लागतात. रबर वाचवायचं असेल तर थेंब निम्म्यावर आणावे लागतील, हे इतकं स्पष्ट आहे. आणि फार बारीकही करू नका. 0.1 मायक्रॉनच्या आसपासच्या कणाच्या आत पोकळी पडत नाही आणि तो मदत करायचा थांबतो.

फोटो घेताना पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये थिजवून तोडा, प्रवाहाच्या आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून. आडव्या छेदात दोराही थेंबच दिसतो, त्याला फसू नका. थेंबांच्या खाचा गुळगुळीत आणि थेंब निखळून गेलेले असतील तर सीमा सुटलेली आहे. थेंब मॅट्रिक्ससोबतच चिरले गेले असतील तर ती धरून आहे. किमान 200 थेंब मोजा आणि साध्या सरासरीसोबत आकारमानाने भारित सरासरीही काढा. चार मोठे थेंब साध्या सरासरीत हरवतात, आणि भेग नेमकी त्यांच्यापाशीच सुरू होते.

माझ्या त्या दुसऱ्या पट्टीच्या गाभ्यात असेच थेंब निघाले, काही तर 20 मायक्रॉनच्या वरचे, एकमेकांना जोडलेले. नोंदवही चाळली तेव्हा कळलं की पहिली पट्टी चालू मशीनवरची होती, आणि दुसरी मशीन भरलेलं, गरम, साधारण 20 मिनिटं उभं राहिल्यानंतरच्या पहिल्या शॉटची (साच्यात एकदा माल भरणं म्हणजे एक शॉट). कम्पॅटिबिलायझर नव्हता, माल उंबरठ्यावर होता, आणि त्या 20 मिनिटांत थेंबांना जुळायला कुणी अडवलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पट्टीवर शॉटचा क्रमांक आणि आधी मशीन किती मिनिटं थांबलं होतं हे लिहून घेते, आणि थांब्यानंतर बॅरलभर माल बाहेर काढल्याशिवाय चाचणीची पट्टी उचलू देत नाही.